अमेरिकेत गेलेली अंगाई

गुरुदास मयेकर बोटीवरून घरी आला की त्याची ट्रंक उघडायचा मान तुळसाचा असे. साबणाच्या वड्या, लोकरीची चादर, छत्री, मुलीसाठी एखादी बाहुली, जे काय असेल ते ती एकेक करून बाहेर काढी आणि तो ओटीवर बसून बघत राही. १९५६ च्या मे महिन्यात तो वीस महिन्यांनी तारकर्लीला आला तेव्हा मात्र त्याने किल्ली तिच्या हाती दिली नाही. स्वतःच ट्रंकेपुढे उकिडवा बसला, कपडे बाजूला सारले आणि तळातून एक चावीचा लहान ग्रामोफोन काढला. त्याच्याखाली पंच्यात गुंडाळलेली एक तबकडी होती. तबकडीच्या कागदी पाकिटावर एका गोऱ्या पोरीचं चित्र होतं, आणि त्या चित्राच्या खांद्यावरून कुणीतरी शाईने दोन ओळी लिहिल्या होत्या.

"ही कोण?" तुळसाने विचारलं.

"बोटीर गायची. माका दिल्यान," तो म्हणाला आणि तबकडी फडताळात सर्वांत वर ठेवून मोकळा झाला.

गुरुदास मुळात अबोल माणूस. पण अबोल माणसाचंही न बोलणं बायकोला ओळखू येतं, आणि हे नेहमीचं न बोलणं नव्हे, हे तुळसाला तिथल्या तिथे कळलं. सुट्टीचे चार महिने तो ग्रामोफोन वाजला तो मोजून पाच वेळा. दर वेळी गुरुदास तिच्याकडे पाठ करून बसे. त्या पोरीचा आवाज जाडसर होता, सर्दी झाल्यासारखा. शेजारची कावेरी कुंपणापलीकडून ऐके. तिचा नवराही बोटीवर होता. गुरुदास परत गेल्यावर ती तुळसाला म्हणाली की तिच्या घोवाला सहा वर्षांत कुणी गोऱ्या बाईने सुतळीचा तोडासुद्धा दिलेला नाही. एवढं बोलून ती निघून गेली. तुळसाच्या मनात जे नुसतं धुमसत होतं, त्याला त्या दिवशी शब्द मिळाले.

पुढल्या पावसाळ्यात अमेरिकेहून एक पाकीट आलं, गुरुदासच्या नावाचं. तो समुद्रावर होता. तुळसाने ते दोन दिवस तांदळाच्या डब्यात लपवलं आणि तिसऱ्या दिवशी पदराखाली धरून मुलींच्या शाळेतल्या विमलाबाईंकडे नेलं. विमलाबाई देवगडच्या, मॅट्रिक झालेल्या, आणि गावात इंग्रजी वाचू शकणारी तेवढी एकच बाई. त्यांनी पत्र आधी मनात वाचलं, मग सावकाश मराठीत सांगितलं. त्या मुलीचं नाव नेल कॅरोवे. आता ती बोटीवर गात नाही. न्यूयॉर्कला रेडिओवर गाते. लवकरच एक नवी तबकडी निघणार आहे, ती निघाली की पाठवीन. ते आठ दिवस मी जन्मात विसरणार नाही. तुम्ही नसतात तर मी आज नसते.

"मगे?" तुळसा म्हणाली.

"एवढंच," विमलाबाई म्हणाल्या.

तुळसाला अक्षर येत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या. शेवटच्या दोन ओळी बाईंनी सांगितल्याच नव्हत्या. तिने पत्र मागून घेतलं, त्याची घडी केली आणि मालवणला बाजाराला गेली तेव्हा एका वखारीतल्या कारकुनाला नेमकी तीच जागा बोट ठेवून दाखवली. त्याने वाचलं, वर तिच्याकडे बघितलं, आणि खाली प्रेमपूर्वक नेल असं लिहिलंय, असं सांगताना त्याला हसू आवरलं नाही.

तेव्हापासून तुळसाने नेल कॅरोवेचा माग धरला. वैऱ्याच्या घरात काय शिजतंय ते कळलेलं बरं, असा तिचा हिशेब. विमलाबाईंचा भाऊ मुंबईहून जुनी इंग्रजी साप्ताहिकं पाठवी. त्यांत नेलचं काही आलं तर वाचून दाखवा, असं तिने बाईंना सांगून ठेवलं. बाईंनी शेवटच्या दोन ओळी गाळल्या हे तिने त्यांना कधी बोलून दाखवलं नाही, पण त्यांच्यावरचा विश्वासही आता निम्मा झाला होता. वाचताना ती बाईंच्या बोटावर डोळा ठेवी. असं करत करत तिला नेलची सगळी हकीकत कळली. बाप कोळशाच्या खाणीत मेलेला. आईने देवळात, म्हणजे त्यांच्या देवळात, गायला उभी केलेली. एकोणिसाव्या वर्षी घर सोडून बोटीवरच्या बँडमध्ये शिरलेली. तिथून रेडिओ. मग सिनेमात मागे उभं राहून नाचायची कामं.

आणि मग ती नवी तबकडी आली. सत्तावन्नच्या दिवाळीनंतर, लाकडी खोक्यात, भुशात घालून. तुळसाने दार लोटून घेतलं, नवऱ्याने चावी कशी फिरवली ते आठवून ग्रामोफोनला चावी दिली आणि सुई टेकवली.

आधी बाजा वाजला. मग नेल गायला लागली. शब्द परके होते. पण चाल तुळसाची होती.

ती तिच्या आईची अंगाई होती. आचऱ्याला तिच्या माहेरच्या घरात म्हटली जायची, आणि तिची एक खोड होती. तिसऱ्या ओळीच्या शेवटी आवाज खाली यायचा तो वर जाऊन थांबे, गाणारी पुढचं विसरली असावी असा, आणि पोर कान देऊन वाट बघत बघत झोपी जाई. ही खोड दुसऱ्या कुठल्या अंगाईत तुळसाने ऐकली नव्हती. तिने ती आपल्या पहिल्या मुलासाठी म्हटली होती. अकरा महिने. एकोणपन्नास साली तो तापाने गेला, आणि त्यानंतर सुशीला झाली तेव्हा तिला तुळसाने मुकाट्याने थोपटून झोपवलं. ती अंगाई तिने पुन्हा तोंडात घेतली नाही. ती गुरुदासला माहीत होती, कारण त्या वर्षी तो पाय मोडून घरी होता. आणि आता अमेरिकेतली एक बाई बाज्यावर ती गात होती, आणि तिसऱ्या ओळीला अगदी तिथेच थांबत होती.

बाईमाणसाचा पाय घसरतो, बाप्याचाही घसरतो, हे तुळसा समजू शकली असती. बोटीवरचं आयुष्य तिला माहीत होतं. पण अंगाई पुरुष कधी गातो, कुणाला गातो, कुठल्या खोलीत, याचा विचार करायला लागली की हातातलं काम तसंच राही. साप्ताहिकांतून मात्र बातम्या येतच राहिल्या. याच गाण्याने नेलचं नाव झालं होतं. हीच तबकडी ऐकून एका सिनेमावाल्याने तिला मोठं काम दिलं होतं. तिच्या मुलाखतीत कुणीतरी विचारलं की ही चाल कुठली, आणि ती म्हणाली होती, एका मित्राची.

गुरुदास साठ सालच्या फेब्रुवारीत आला. तुळसाने पंधरा दिवस काही विचारलं नाही. त्याचे खिसे पाहिले, ट्रंकेचं अस्तर चाचपलं, तो झोपेत काय बोलतो ते ऐकलं. काही सापडलं नाही. सोळाव्या दिवशी दुपारी तो अंगणात जाळं विणत बसला होता. तिने ग्रामोफोन त्याच्यासमोर आणून ठेवला आणि तबकडी लावली. तिसरी ओळ संपल्यावर तिने सुई उचलली.

"ह्या गाणा तिका कोणी दिल्यानी?"

गुरुदासने जाळ्याची सुई खाली ठेवली. "मी," तो म्हणाला.

मग तो बोलला. एवढं सलग तो लग्नानंतर कधी बोलला नव्हता. पंचावन्न साली बोट न्यूयॉर्कला चालली होती. गाणारी पोर आजारी पडली, ताप आहे असं सगळ्यांना सांगण्यात आलं. ताप नव्हता. ती सातव्या महिन्यात होती, सैल झगे घालून लपवत आलेली, आणि वादळात बोट हलली त्यात बाळंत झाली. पोर दोन दिवस जगलं. लग्न झालेलं नव्हतं. बाहेर कळलं असतं तर बोटीवरून तिला उतरवली असती आणि पुढे कुणी दारात उभं केलं नसतं. डॉक्टर भला होता. तापाची आवई त्यानेच उठवली. गुरुदास शिडाचं कापड चांगलं शिवी, म्हणून डॉक्टरने त्याला एकट्याला बोलावलं. त्याने त्या पोराला कापडात शिवलं. पहाटे ते समुद्रात सोडताना बोटीच्या मागच्या बाजूला ते तिघेच होते. डॉक्टरला मंत्र येत नव्हते, नेलला बोलवत नव्हतं. काहीतरी म्हण, असं ती खुणेने सांगत होती.

"माका दुसरा काय येयत नाय होता," गुरुदास म्हणाला. "आपलो बाबू गेलो तेव्हा तू म्हणत होतंस, ता म्हटलंय."

पुढचे सहा दिवस तो तिला पेज नेऊन देई आणि ती ते गाणं पुन्हा म्हणायला लावी. कुणाला सांगणार नाही, असा त्याने डॉक्टरला शब्द दिला होता.

तुळसाने ग्रामोफोन उचलला आणि आत नेला. रात्री तिने त्याला वाढलं आणि स्वतःही जेवली. खरं सांगायचं तर तिचा विश्वास बसला नव्हता. गोष्ट फार चांगली जमली होती. त्यात तिचं मेलेलं मूल होतं, आणि ज्या गोष्टीत आपलं मेलेलं मूल असतं तिच्यावर शंका घेता येत नाही, हे गुरुदासला ठाऊक नसेल कशावरून, असं तिच्या मनात आलं. आलं म्हणून तिला स्वतःची लाजही वाटली. पण शंका काही गेली नाही.

दोन वर्षांनी, गुरुदास पुन्हा समुद्रावर असताना, ती कावेरीबरोबर कुणकेश्वरच्या जत्रेला गेली. वाटेत देवगडला धोंडू तांडेलाचं घर होतं. धोंडू त्याच बोटीवर गुरुदासबरोबर होता, आणि आता नोकरी सोडून कलमांच्या बागेत राखण करीत होता. तुळसाने मुद्दाम तिथे पाणी प्यायला थांबायचं काढलं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, पंचावन्नच्या त्या वादळात कुणी दगावलं होतं का.

धोंडूने डोकं हलवलं. त्या खेपेला कुणीही मेलं नाही, असं तो ठामपणे म्हणाला. माणूस मेलं की बोट थांबते, टोप्या काढतात, ते काय लपून राहतं? एक गाणारी पोर तेवढी आजारी होती. तिच्या खोलीत गुरुदास रोज जाई, आणि बाकीचे खलाशी त्याला चिडवीत. एवढं बोलल्यावर आपण कुणाशी बोलतो आहोत हे धोंडूच्या ध्यानात आलं, आणि तो घाईघाईने आंबे किती मोहरलेत ते सांगू लागला.

 कुणकेश्वराला देवापुढे हात जोडले तेव्हाही तुळसाच्या डोळ्यांपुढे बोटीतली ती खोली होती.

जत्रेत सिनेमाचा तंबू लागला होता, आणि बाहेरच्या फळीवर नेल कॅरोवेचं चित्र होतं. कावेरीने ते तिच्याआधी पाहिलं. तुळसाने तिकीट काढलं. दिवेलागणीला खेळ सुरू झाला. इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं, म्हणून पडद्याशेजारी एक माणूस कर्णा घेऊन उभा राही आणि गोष्ट मराठीत सांगे. नेल त्यात एका श्रीमंत घरातली मोलकरीण झाली होती. गाणी होती, नाच होता, लोक खूश होते. तुळसा हाताची घडी घालून बसली होती. तिला त्या बाईच्या अंगावर काहीतरी शोधायचं होतं, म्हणजे काय ते तिलाही सांगता आलं नसतं.

मध्येच एका प्रसंगात मालकीण आपलं तान्हं नेलच्या हातात देते आणि थोड्या वेळाने परत घेते. कर्णेवाल्याने त्याबद्दल काही सांगितलंसुद्धा नाही, इतका तो प्रसंग लहान होता. पण तुळसाने नेलचे हात पाहिले. तान्ह्याची मान तिने तळव्यात झेलली ती न बघता, सवयीने नव्हे तर भीतीने, आणि मालकिणीने बाळ घेतल्यावर तिचे हात खाली आले नाहीत. तसेच राहिले, वाकलेले, रिकामे. मग कुणीतरी तिला हाक मारली आणि ती दचकून हसली. सिनेमात ते असंच सांगितलेलं असेल, असं तुळसाने स्वतःला बजावून पाहिलं. पण बाबू गेल्यावर महिनाभर तिचे स्वतःचे हात असे राहत होते. ते कुणी शिकवून करता येत नाही.

परतताना कावेरीने विचारलं की कशी आहे बया. तुळसा म्हणाली, बारीक झालीय.

गुरुदास पुढल्या खेपेला आला तेव्हा तिने त्याला देवगडचं काही सांगितलं नाही. ट्रंक मात्र तिनेच उघडली.

चौसष्टच्या नोव्हेंबरात एक पाहुणा तारकर्लीत उतरला. सबनीस नावाचा, मुंबईचा, गळ्यात कॅमेरा अडकवलेला. कुठल्याशा परदेशी सिनेमासाप्ताहिकासाठी लिहितो असं त्याने सांगितलं. गुरुदास नव्हता. सबनीस ओटीवर बसला, शहाळ्याचं पाणी प्यायला, घराची तारीफ केली. तुळसा दारात उभी राहिली. गोड बोलणाऱ्या परक्या माणसाला काहीतरी हवं असतं, हे ओळखण्यात आता तिचा हात कुणी धरला नसता.

त्याने हळूहळू विषय काढला. नेल कॅरोवे आता फार मोठी नटी झाली आहे. तिच्या त्या प्रसिद्ध गाण्याची चाल इथली आहे असं कळतं. देवगडला एक जुना खलाशी भेटला, त्याने तुमच्या यजमानांचं नाव सांगितलं. बोटीवर ती आठ दिवस खोलीबाहेर आली नव्हती, आणि तुमचे यजमान रोज आत जात होते.

"वहिनी, राग मानू नका," तो म्हणाला. "त्या दोघांचं काही होतं का? लोकांना जाणून घ्यायचंय."

हाच प्रश्न तुळसाने सहा वर्षं उशाशी घेऊन काढला होता. दुसऱ्याच्या तोंडून तो ऐकताना तिला किळस आली. गप्प राहिलं तर हा माणूस तेच लिहिणार होता, हे तिला दिसत होतं. नवरा निर्दोष आहे हे पटवायला एक वाक्य पुरेसं होतं. पण ते वाक्य म्हणजे त्या पोरीचं सगळं आयुष्य या कॅमेऱ्यात घालून देणं. बारा महिने तेरा काळ नवऱ्याला विचारून वागणारी तुळसा त्या वेळी कुणाला विचारू शकत नव्हती.

ती शाळेतल्या बाईंसारखी शुद्ध बोलायला लागली.

"तिला ताप होता. आमच्याकडे तापात पेज देतात. ती आमचे हे नेऊन देत होते."

"आणि गाणं?"

"ते आमच्या गावातल्या सगळ्या बायका म्हणतात. खलाशीही काम करताना गुणगुणतात. तिने ऐकलं असेल."

"सगळ्या बायका?" सबनीस हसला. त्याने खिशातून पेन काढलं. "मग जरा म्हणून दाखवा."

तुळसाने पंधरा वर्षं ते म्हटलं नव्हतं. तिने दाराची चौकट धरली आणि सुरू केलं. पहिल्या ओळीला आवाज फाटला. दुसऱ्या ओळीला तिला बाबूच्या टाळूचा वास आला, तेलाचा आणि घामाचा. तिसरी ओळ आता आपल्याला पेलवणार नाही असं तिला वाटलं, आणि तेवढ्यात अंगणातून दुसरा आवाज आला. कावेरी कढीपत्ता न्यायला आली होती. तिने हातातली पाटी खाली ठेवली आणि तिसरी ओळ उचलली, वर नेली, आणि जिथे थांबायचं तिथे थांबली. एकोणपन्नास साली अकरा महिने तिने ते कुंपणापलीकडून ऐकलं होतं.

"आमी सगळीच म्हणतंव," कावेरी सबनीसला म्हणाली. "आणखी कोणाक बोलवू?"

सबनीसने बोलवायला सांगितलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. पण त्याचा चेहरा उतरला होता. त्याने दोन ओळी लिहिल्या, ओटीचा एक फोटो काढला आणि एसटीची वेळ विचारली.

तो गेल्यावर तुळसा विमलाबाईंकडे गेली आणि नेल कॅरोवेला पत्र लिहा म्हणाली. बाईंनी कागद घेतला. तुळसाने सांगितलं ते असं. मी गुरुदासची बायको. इथे एक माणूस आला होता. मी त्याला सांगितलं की तुला ताप होता, आणि गाणं गावातल्या बायकांचं आहे. तुला कुणी विचारलं तर तूही तेच सांग. यात फरक करू नकोस. इथली काळजी नको.

विमलाबाई लिहिता लिहिता थांबल्या. "तुळसा, हे लपवाछपवीचं काय आहे?"

"ताप होता तिला, बाई," तुळसा म्हणाली. बाईंनी पुढची ओळ लिहायला घेतली. त्यांचा विश्वास बसला नाही हे तिला कळलं, आणि ती ते त्यांच्यावर सोडून उठली.

उत्तर आलं नाही. पण पासष्टच्या उन्हाळ्यात विमलाबाईंना एका साप्ताहिकात मुलाखत सापडली. नेलने चाल कुणाची या प्रश्नावर या वेळी वेगळं उत्तर दिलं होतं. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरच्या एका गावातल्या बायकांची, त्या सगळ्या ते म्हणतात, असं. कावेरीला हे कळल्यावर तिने गावभर सांगितलं की त्यात ती पण आली. पुढल्या वर्षी नेलने सिनेमे सोडल्याची बातमी होती. आवाज बसला असं कुणी म्हणे, लग्न केलं असं कुणी म्हणे. मग साप्ताहिकांत दुसऱ्या पोरींची चित्रं येऊ लागली.

गुरुदास कायमचा घरी आला तो सहासष्टच्या अखेरीस. दोघं मागच्या पडवीत सुकट निवडत बसली होती तेव्हा तुळसाने त्याला सबनीसची गोष्ट सांगितली, आपण काय बोललो तेही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग तो एवढंच म्हणाला की तुला तेव्हा माझं खरं वाटलं नव्हतं, हे मला माहीत होतं.

 तुळसाने सुकटातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"तिका काय झाला होता?" तिने विचारलं. मुलगा की मुलगी, हे तिने आजवर विचारलंच नव्हतं. "झिल काय चेडू?"

"चेडू," गुरुदास म्हणाला. "केस लय होते."